अमेरिकेत डॉक्टरांच्या ऑफिसात फ्रंट डेस्कची नोकरी: सर्टिफिकेट कोणतं, आणि कामाला खरंच काय लागतं?

कुरडई

मुक्काम न्यू जर्सी, एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा), ईएडी म्हणजे कामाचा परवाना हातात आलं आहे. शिक्षण बी. कॉम. डॉक्टरांच्या ऑफिसात फ्रंट डेस्क किंवा बिलिंगचं काम बघायचं आहे. सीएमएए, सीपीसी, सीएमए, सीएमएएस ही सगळी अक्षरं वाचून डोकं भणभणलं. सर्टिफिकेट लागतंच का? लागत असेल तर कोणतं? आणि पहिल्या दिवशी काय येत असायला हवं? जाणकारांनी लिहावं.

शेवग्याची शेंग

आधी अक्षरं सोडवू. फ्रंट डेस्कला लायसन्स हा प्रकारच नाही. सर्टिफिकेट कायद्याने सक्तीचं नाही, पण अमेरिकेतला अनुभव शून्य असेल तर अर्ज पहिल्या चाळणीत अडकू नये म्हणून उपयोगी पडतं.

सीएमएए हे एनएचए या संस्थेचं, आणि तुम्ही म्हणताय त्या कामाला नेमकं हेच. अपॉइंटमेंट, नोंदणी, इन्शुरन्स, रेकॉर्ड, प्रायव्हसीचे नियम असा अभ्यास. बारावीच्या तोडीचं शिक्षण आणि त्यासोबत प्रशिक्षण कोर्स किंवा कामाचा अनुभव लागतो. परीक्षेत गुण मिळणारे ११० प्रश्न आणि गुण न मिळणारे, चाचणीसाठी घुसडलेले २५. एकूण १३५ प्रश्न, वेळ २ तास १० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. पासाला ५०० पैकी ३९० हा स्केल्ड स्कोअर. याला ७८ टक्के समजू नका, कारण पट्टी २०० पासून सुरू होते. सर्टिफिकेट २ वर्षं चालतं, नूतनीकरणाला १० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं.

सीएमएएस हे एएमटी या संस्थेचं, त्याच जातकुळीतलं. सीएमए आणि सीसीएमए मात्र क्लिनिकल आहेत: बीपी घेणं, रक्त काढणं, इंजेक्शन. ऑफिसकामासाठी हवं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. एएएमए या संस्थेच्या सीएमएला सहसा मान्यताप्राप्त कोर्स लागतो आणि भारतातली पदवी त्याची जागा घेत नाही.

सीपीसी म्हणजे एएपीसी या संस्थेचं कोडिंग, म्हणजे निदान आणि उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड देणं. १०० प्रश्न, ४ तास, पासाला ७० टक्के, कोडची पुस्तकं समोर ठेवायची मुभा. चांगलं आहे, पण अनुभवाशिवाय पास झालात की नावापुढे सीपीसी-ए लागतं. तो 'ए' म्हणजे अप्रेंटिस, आणि नेमक्या त्याच 'ए'मुळे घरून कोडिंगची पहिली नोकरी मिळणं अवघड जातं. म्हणून आधी फ्रंट डेस्क, मग बिलिंग, मग कोडिंग हा क्रम बरा.

हॉस्पिटलकडे जायचं असेल तर तिथे याच कामाला 'पेशंट अॅक्सेस' म्हणतात. त्यांचं वेगळं सर्टिफिकेट आहे, एनएएचएएम या संस्थेचं सीएचएए.

रात्रपाळी_पुणे

दुसऱ्या टोकाकडून लिहितो. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे क्लेम (इन्शुरन्सकडे पाठवलेली बिलं) पुण्यात, नवी मुंबईत रात्री बसून निस्तरले जातात. नाकारलेल्या क्लेमच्या ढिगात बराच माल कोडिंगच्या चुकीचा नसतो. तो सकाळी ९ वाजता काउंटरवर झालेल्या चुकीचा असतो. म्हणून परीक्षेपेक्षा इन्शुरन्सच्या उत्तरात येणारे हे कारणांचे कोड पाठ करा ('सीओ' म्हणजे पेशंटकडे मागता न येणारी रक्कम, 'पीआर' म्हणजे पेशंटने भरायची).

सीओ-३१: पेशंट इन्शुरन्सच्या यादीत सापडला नाही. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख किंवा मेंबर आयडी चुकला.

सीओ-२७: भेटीच्या दिवशी पॉलिसी संपलेली होती. जुन्या कार्डावर काम भागवलं.

सीओ-२२: दुसरा इन्शुरन्स पहिला लागू होतो. 'आणखी कुठला इन्शुरन्स आहे का?' हे विचारलंच नाही.

सीओ-१०९: क्लेम चुकीच्या दारी गेला. याचं नेहमीचं कारण म्हणजे मेडिकेअर अॅडव्हान्टेज, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स (मेडिकेअर) खासगी कंपनीमार्फत. आजोबा लाल-पांढरं-निळं सरकारी कार्ड काढून देतात, पण त्यांनी खासगी कंपनीचा अॅडव्हान्टेज प्लॅन घेतलेला असतो. बिल त्या कंपनीला जायला हवं.

सीओ-१९७: आधी परवानगी घ्यायची होती, घेतली नाही.

सीओ-२९: मुदत उलटली. मेडिकेअरला सेवेच्या तारखेपासून १२ महिने. खासगी कंपन्यांची मुदत करारावर असते आणि बरीच कमी असू शकते.

आणि सीओ-४५ दिसला म्हणून घाबरू नका. तो नकार नाही, कराराच्या दरावरची रक्कम सोडून देणं आहे. ती पेशंटकडे मागायची नसते. पेशंटची बाजू पीआर-१, २, ३ मध्ये येते: डिडक्टिबल (इन्शुरन्सने द्यायला लागण्याआधी वर्षात पेशंटने भरायची रक्कम), कोइन्शुरन्स (त्यानंतरचा पेशंटचा टक्केवारीचा वाटा), कोपे (दर भेटीची ठरलेली रक्कम). नवीन माणूस हमखास सीओ आणि पीआरची गल्लत करतो आणि पेशंटला भलतंच बिल जातं.

मेडिकेअर नंबरची एक युक्ती. तो ११ अक्षर-अंकांचा असतो. त्यात एस, एल, ओ, आय, बी, झेड ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती अंकांसारखी दिसतात. म्हणजे गोल दिसलं की शून्यच. दुसरी, पाचवी, आठवी आणि नववी जागा कायम अक्षराची.

कुरडई

बापरे. म्हणजे काउंटरवर बसून हसायचं काम नाही हे. रेफरल आणि प्रायर ऑथरायझेशन एकच का? आणि कार्ड दरवेळी मागायचं का? नेहमीच्या पेशंटला राग येत नाही का?

शेवग्याची शेंग

येतो. तरी मागायचं, दोन्ही बाजू स्कॅन करायच्या. मागच्या बाजूला क्लेमचा पत्ता आणि प्रोव्हायडरसाठीचा फोन असतो, आणि तीच बाजू लोक विसरतात. जानेवारीत तर डोळ्यांत तेल घालून बघायचं: बऱ्याच जणांचे प्लॅन १ जानेवारीला बदलतात आणि डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून सुरू होतं. डिसेंबरात काही न भरणारा पेशंट जानेवारीत पूर्ण रक्कम ऐकून काउंटरवरच भांडतो.

इन्शुरन्स चालू आहे का ही पात्रता तपासणी अपॉइंटमेंटच्या २-३ दिवस आधी करायची. सॉफ्टवेअर '२७०' हा प्रश्न पाठवतं आणि '२७१' हे उत्तर आणतं. उत्तरातला 'अॅक्टिव्ह' शब्द बघून खिडकी बंद करू नका. प्लॅन एचएमओ (ठरलेल्या डॉक्टरांपुरता) की पीपीओ (बाहेरचे डॉक्टरही चालतात), आपले डॉक्टर नेटवर्कात, म्हणजे त्या इन्शुरन्सच्या करारात आहेत का, एचएमओ असेल तर पीसीपी (नेहमीचा फॅमिली डॉक्टर) म्हणून कोणाचं नाव आहे, स्पेशालिस्टचा कोपे किती, डिडक्टिबल किती उरलं, हे पाचही बघा.

रेफरल डॉक्टरकडून डॉक्टरकडे जातो: एचएमओचा पीसीपी स्पेशालिस्टकडे पाठवतो. ऑथरायझेशन इन्शुरन्स कंपनी देते, ठरावीक सेवेसाठी. तिथे सेवेचा सीपीटी कोड, निदानाचा आयसीडी-१० कोड, जिथे तपासणी होणार त्याचा एनपीआय (ओळख क्रमांक) आणि डॉक्टरांच्या नोट्स लागतात. मंजुरी आली की नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि किती युनिट, हे तिन्ही लिहून ठेवायचं. नेहमीचा घोळ असा: मेंदूच्या एमआरआयची परवानगी ७०५५१ ला, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवाय (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य). प्रत्यक्षात सेंटरवाल्यांनी केला ७०५५३, म्हणजे आधी कॉन्ट्रास्टशिवाय आणि मग कॉन्ट्रास्ट देऊन. नंबर खरा, पण कोड जुळत नाही, क्लेम परत.

मुलांच्या बाबतीत आई आणि वडील दोघांचाही इन्शुरन्स असेल तर 'बर्थडे रूल': ज्या पालकाचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा पहिला. जन्मसाल बघायचं नाही, फक्त महिना आणि दिवस. वडील मोठे म्हणून वडिलांचा, असं इथे चालत नाही. पालक विभक्त असतील तर कोर्टाचा आदेश आधी.

डोंबिवली फास्ट लोकल

कागदपत्रांवर कोणी लिहिलं नाही, म्हणून.

१. नाव. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ड्रायव्हिंग लायसन्सवर ते कधी मिडल नेम होतं, कधी दोन्ही मिळून फर्स्ट नेम. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव दाखवणार त्या ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फी जाते. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर नोंदणीच्या आधीच एक काय ते ठरवा.

२. पदवी. मालक मागतील तर मूल्यांकन अहवाल द्यायचा, म्हणजे आपली पदवी इथल्या कशाच्या तोडीची ते. तो देते डब्ल्यूईएस किंवा एनएसीईएस या संघटनेची कोणतीही सदस्य संस्था. मार्कशीट विद्यापीठातून सीलबंद किंवा थेट मागवाव्या लागतात आणि खरा वेळ तिथेच जातो, तेव्हा आत्ताच अर्ज टाका.

३. ईएडी. एच-४ चा वर्ग सी-२६. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही, तर काम त्या दिवशी थांबवावं लागतं. आपली तारीख मॅनेजरला आधी सांगून ठेवलेली बरी.

४. टीबीची चाचणी. ही खास आपली भानगड. नोकरीपूर्व तपासणीत टीबी, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांची विचारणा होते. आपल्याला जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, चौकशी, आठवडा वाया. त्याऐवजी रक्ताची क्वांटिफेरॉन चाचणी मागा, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. एमएमआर आणि कांजिण्यांचे लसीचे कागद नसतील तर अँटिबॉडीची रक्ततपासणी चालते.

ताकातली भाकरी

एक वेगळा मुद्दा: फोन. इंग्रजी चांगलं असूनही आपण नेमके कुठे आपटतो ते.

'डबल फोर, ट्रिपल टू' म्हणू नका. समोरचा गोंधळतो. एकेक अंक सुटा सांगा. 'झेड' नाही, 'झी'. व्ही आणि डब्ल्यू आपल्या तोंडात एकच होतात, तेव्हा 'व्ही फॉर व्हिक्टर, डब्ल्यू फॉर विल्यम' अशी सवय लावा. मेंबर आयडीत हा एक घोटाळा झाला की रात्रपाळीवाल्यांचा सीओ-३१ तयार.

'प्रीपोन' हा शब्द तिकडे नाही. 'अपॉइंटमेंट अलीकडे घेऊ का' हे 'मूव्ह अप' ने सांगतात. 'पास आउट' म्हणजे पदवीधर होणं नाही, बेशुद्ध पडणं.

मराठी किंवा हिंदी बोलणारा पेशंट असेल तर उलटी अडचण. आपल्या 'पाय' मध्ये लेग आणि फूट दोन्ही, 'हात' मध्ये आर्म आणि हँड दोन्ही. 'कंबर दुखते' ला लोक 'वेस्ट पेन' किंवा 'हिप पेन' म्हणतात, आणि दुखत असतं लोअर बॅक. 'चक्कर' म्हणजे खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे वेगळं विचारावं लागतं. 'मला शुगर आहे, बीपी आहे' हे निदान झाल्यासारखं नोंदीत टाकू नका. काय होतंय ते पेशंटच्या शब्दांत लिहायचं, रोगाचं नाव आपण ठरवायचं नाही.

आणि छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं ऐकलं की अपॉइंटमेंटचं कॅलेंडर उघडायचं नाही. ऑफिसच्या लेखी सूचनेप्रमाणे लगेच नर्सकडे किंवा ९११. 'गॅसेस असतील, उद्या अकराला या' हे वाक्य घरात चालतं, डेस्कवर नाही.

कुरडई

'प्रीपोन' वाचून हसले आणि मग आठवलं की कालच्याच मेलमध्ये लिहिलाय :)

मराठी-हिंदी-गुजराती येतं हे रेझ्युमेवर ठळक टाकू ना? एडिसन-इझेलिनकडे उपयोग होईल.

शेवग्याची शेंग

टाका, पण मर्यादा ओळखून. नाव, वेळ, पत्ता, पैसे हे मराठीतून बोलायला हरकत नाही. तपासणीच्या खोलीत दुभाष्या म्हणून बसायला सांगितलं तर ऑफिसचं धोरण विचारा. अफोर्डेबल केअर अॅक्टच्या कलम १५५७ प्रमाणे, सरकारी निधी घेणाऱ्या ठिकाणी दुभाष्या पात्र लागतो. भाषा येते एवढं पुरत नाही.

हिपाचंही (पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) आपल्या समाजात वेगळं वळण असतं. नवरा फोन करून बायकोचा रिपोर्ट विचारतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पेशंटने सही केलेल्या फॉर्मवर त्याचं नाव आहे का ते बघायचं, नसेल तर नम्रपणे नाही म्हणायचं. मंडळाच्या गणपतीत ओळखीची बाई भेटली तर 'आता बरं आहे का?' हेसुद्धा विचारायचं नाही. आणि नातेवाइकाचा चार्ट (सिस्टिममधली वैद्यकीय नोंद) 'सहज बघू' म्हणून उघडू नका. कोणी कधी काय उघडलं याची नोंद सिस्टिममध्ये राहते आणि त्यावरून नोकरी जाते.

गुळपोळी_डॉट

कोर्सबद्दल माझं मत शेंगेपेक्षा थोडं वेगळं आहे. मोठ्या रकमेचा खासगी कोर्स घेऊ नका. कम्युनिटी कॉलेजच्या नॉन-क्रेडिट विभागात हाच अभ्यासक्रम मिळतो, कॅलिफोर्नियात अॅडल्ट स्कूलमध्येही. एच-४ वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारा: परीक्षेची फी धरलेली आहे का? एक्स्टर्नशिप (दवाखान्यात प्रत्यक्ष सराव) कॉलेज लावून देतं की तुम्ही शोधायची? कोणत्या सॉफ्टवेअरवर हात बसवून देतात?

'एपिक (हॉस्पिटलांचं रेकॉर्ड सॉफ्टवेअर) सर्टिफिकेशन मिळवून देतो' म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब. एपिकचं प्रशिक्षण नोकरी देणारी संस्था प्रायोजित करते, बाहेरून विकत मिळत नाही. नुसता वापरणारा म्हणून लागणारं प्रशिक्षण रुजू झाल्यावर संस्थाच देते. छोट्या दवाखान्यांत ईक्लिनिकलवर्क्स, अथेना, नेक्स्टजेन अशी असतात. एक आलं की दुसरं जमतं.

आणि 'आधी ३ महिने फुकट या, मग बघू' असं खासगी दवाखाना म्हणाला तर नको. नफ्यावर चालणाऱ्या ठिकाणी 'व्हॉलंटियर' ही सबब कामगार कायद्यात बसत नाही. ईएडी नसताना केलं तर व्हिसाच्या दृष्टीनेही अंगाशी येऊ शकतं. अनुभव हवा तर ना-नफा हॉस्पिटलच्या नोंदणीकृत व्हॉलंटियर विभागात जा.

शेवग्याची शेंग

कोर्सवर सहमत. मी फक्त परीक्षेचं लिहिलं होतं.

रात्रपाळी_पुणे

पैशांची बाजू राहिली. कोपे आत सोडतानाच घ्यायचा. बाहेर पडताना पेशंट सटकतो, आणि मग २० डॉलरसाठी तीन पत्रं पाठवावी लागतात.

सर्वांत जास्त भांडणं वार्षिक तपासणीवर होतात. प्रतिबंधक तपासणीला कोपे नसतो, हे पेशंटला माहीत असतं. पण आत गेल्यावर तो गुडघ्याचं दुखणं काढतो, डॉक्टर तेही तपासतात, आणि बिलात तपासणीच्या कोडसोबत ९९२१३ (नेहमीच्या भेटीचा कोड) २५ हा मॉडिफायर लावून येतो, म्हणजे त्याच दिवशी वेगळी तपासणीही झाली ही खूण. मग कोपे लागतो. हे नोंदणीच्या वेळीच एका वाक्यात सांगितलं तर पुढचे फोन वाचतात. मेडिकेअरच्या 'अॅन्युअल वेलनेस व्हिजिट'चंही तसंच: ती डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी नव्हे.

इन्शुरन्स नसलेल्या किंवा वापरायचा नसलेल्या पेशंटला 'गुड फेथ एस्टिमेट' (खर्चाचा लेखी अंदाज) द्यावा लागतो, १ जानेवारी २०२२ पासून. अपॉइंटमेंट किमान ३ कामकाजाचे दिवस आधी ठरली तर १ दिवसात, किमान १० दिवस आधी ठरली तर ३ दिवसांत. बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं तर पेशंट तक्रार करू शकतो. भारतातून आलेले आई-बाबा व्हिजिटर इन्शुरन्सवर येतात तेव्हा हे आठवा. पुष्कळ ऑफिसं ते कार्ड थेट घेत नाहीत: पेशंट पैसे भरतो आणि कागद घेऊन स्वतः मागणी करतो. त्यांना निघतानाच निदान आणि सेवेचे कोड असलेलं तपशीलवार बिल द्या, दोन महिन्यांनी ते नागपूरहून मागत बसतात.

डोंबिवली फास्ट लोकल

शोधताना नुसतं 'मेडिकल ऑफिस' टाकू नका. 'पेशंट सर्व्हिस रेप्रेझेंटेटिव्ह', 'पेशंट अॅक्सेस', 'फ्रंट ऑफिस कोऑर्डिनेटर', 'रेफरल कोऑर्डिनेटर' ही सगळी एकाच कुळातली पदं. हॉस्पिटलच्या 'पर डिएम' (गरज पडेल तेव्हा बोलावतात त्या) जागा लोक टाळतात. तास पक्के नसतात हे खरं, पण अनुभव नसलेल्याला आत शिरायला त्याच बऱ्या. न्यू जर्सीत १ जून २०२५ पासून १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत पगाराचा पट्टा द्यावा लागतो, तेव्हा मुलाखतीला जाण्याआधीच आकडा कळतो.

बी. कॉम. लपवू नका. संध्याकाळी दिवसाचा हिशोब जुळवणं हे या कामातलं मोठं काम: रोख, चेक, कार्ड वेगळं, त्या दिवसाच्या पावत्यांशी ताळा, फरक असेल तर त्याच दिवशी शोधायचा. 'डे एंड रिकन्सिलिएशन' असं लिहा.

ओला काजू

माझा प्रश्न यातलाच. भारतातल्या बीएचएमएस किंवा बीडीएस झालेल्यांनी हे काम धरावं का?

ताकातली भाकरी

धरावं, पण जीभ आवरून. पेशंटला औषधाबद्दल किंवा रिपोर्टबद्दल एक शब्दही सांगायचा नाही, कितीही येत असलं तरी. तिथे तुम्ही लायसन्स नसलेली व्यक्ती आहात. रिझल्ट 'नॉर्मल आहे' एवढं सांगायचीही परवानगी कोणाला आहे हे ऑफिसात लिहिलेलं असतं. अॅनाटॉमी आणि परिभाषा येते त्याचा खरा फायदा ऑथरायझेशनच्या टेबलवर आणि पुढे कोडिंगला. मुलाखतीत 'मी तिकडे डॉक्टर होते' यावर जास्त वेळ घालवू नका. हा माणूस वर्षभरात सोडून जाईल, असं मॅनेजरच्या मनात येतं.

कुरडई

सगळ्यांचे आभार. कम्युनिटी कॉलेजला फोन केला, तुमचे तीनही प्रश्न विचारले. परीक्षेची फी धरलेली आहे, एक्स्टर्नशिपवर मात्र नीट उत्तर मिळालं नाही. शेवटचा प्रश्न: पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त कोणती चूक होते?

रात्रपाळी_पुणे

जन्मतारीख. हात आपोआप दिवस आधी लिहितो, तिकडे महिना आधी. २५ तारीख असेल तर सिस्टिम ओरडते, कारण पंचविसावा महिना नसतो. पण ०३/०७ ला ती गप्प बसते आणि ३ जुलैचा माणूस ७ मार्चचा होतो. मग तो सापडत नाही, म्हणून कोणीतरी नवीन चार्ट उघडतं. एकाच माणसाचे दोन चार्ट, अॅलर्जी एकात आणि औषधं दुसऱ्यात. म्हणून तारीख विचारताना आकडे विचारू नका, महिन्याचं नाव तोंडाने वदवून घ्या. आणि नवीन चार्ट उघडण्याआधी आडनावाची पहिली तीन अक्षरं टाकून एकदा, नुसत्या जन्मतारखेने दुसऱ्यांदा आणि दिवस-महिना उलटा करून तिसऱ्यांदा शोधा.